समंगेचं पाणी



आजचं वाचन महाभारताच्या वनपर्वातलं. पांडव वनवासात तीर्थं करत फिरताहेत, लोमश ऋषी सोबत आहेत. श्वेतकेतूच्या आश्रमापाशी पोचल्यावर लोमश युधिष्ठिराला एक कथा सांगतात. समंगा नदीत उतरला आणि अष्टावक्राची वाकलेली अंगं सरळ झाली, ती कथा. 

कथा तुम्हाला माहीत असेल, तरी एकदा नीट क्रमाने बघू, कारण सगळं क्रमातच आहे. उद्दालक ऋषींचा शिष्य कहोड. गुरूंनी आपली मुलगी सुजाता त्याला दिली. सुजाता गरोदर असताना कहोड रात्ररात्र पाठ करायचा. एक दिवस पोटातलं बाळ बोललं की बाबा, तुम्ही रात्रभर पाठ करता, पण तो बरोबर होत नाहीये. शिष्य समोर बसलेले होते. चारचौघांत, तेही स्वतःच्या न जन्मलेल्या लेकराकडून चूक काढली गेली. कहोडाला ते सहन झालं नाही. त्याने शाप दिला, पोटातच वाकडं बोलतोस ना, आठ ठिकाणी वाकडा होऊन जन्माला ये.

पुढे कहोड धनासाठी जनक राजाच्या यज्ञात गेला, तिथे बंदी नावाच्या पंडिताशी वादात हरला आणि अट होती त्याप्रमाणे पाण्यात बुडवला गेला. पोराला हे कुणी सांगितलंच नाही. तो आजोबांनाच वडील समजत वाढला. बारा वर्षांचा असताना मामा श्वेतकेतूने (मामा-भाचा जवळजवळ एकाच वयाचे होते) त्याला उद्दालकांच्या मांडीवरून ओढलं, ही तुझ्या बापाची मांडी नाही म्हणून. तेव्हा रडत आईकडे गेला, आईने सगळं सांगितलं. दोघं जनकाकडे निघाले. द्वारपालाने अडवलं, पोरांना आत प्रवेश नाही. त्याला उत्तर देऊन अष्टावक्र आत गेला, बंदीशी एक, दोन, तीन असा आकड्यांवरून वाद झाला आणि तेरावर बंदी अडकला. अर्ध्यावर थांबला. उरलेलं अष्टावक्राने पूर्ण केलं. बुडवलेले ब्राह्मण परत आले, त्यांत कहोडही. आश्रमात आल्यावर कहोडानेच मुलाला सांगितलं, या नदीत उतर. तो उतरला आणि सरळ होऊन बाहेर आला.

आता इथे थांबू.

कीर्तनात आपण ही कथा ऐकतो ती बहुतेक "देह वाकडा असला तरी आत्मा सरळ" या अंगाने. ते खरंच आहे. वाद जिंकला तेव्हा अष्टावक्र वाकडाच होता, हे विसरू नका. त्याच्या ज्ञानाला सरळ पाठीची गरज पडली नाही. कुणाच्या शरीराच्या घडणीला दोष मानणाऱ्यांनी हा क्रम दोनदा वाचावा. पण मला आज वेगळी गोष्ट दिसते. वाकवणारा कोण? बाप. नदीत उतर म्हणणारा कोण? तोच बाप. मधे बारा वर्षं आणि एक अख्खं बुडणं आहे. पोरगं चूक दाखवत होतं तेव्हा बरोबरच होतं, पाठ खरंच चुकत होता. शाप चुकीबद्दल नव्हता, लोकांसमोर दाखवली याबद्दल होता.

आपल्या भाषेत "सरळ करणे" याचा अर्थ काय झालाय बघा. "थांब, तुला सरळ करतो." हे वाक्य ऐकल्यावर कुणाच्या डोळ्यासमोर नदी येते का? पट्टा येतो, छडी येते, गालावरचा हात येतो. सरळ करणे म्हणजे मारणे, इतका तो शब्द वाकडा झालाय.

हे मी आज का लिहितोय, तर आमच्या पुलगावातली एक गोष्ट आहे. घरच्यांना विचारून लिहितो, नाव-गल्ली लिहिणार नाही. रविवारी सकाळी माझ्याकडे गीतावाचनाला सात-आठ पोरं येतात. त्यातला एक दहावीचा. वडिलांचं किराणा दुकान. एका संध्याकाळी दुकानात गर्दी असताना वडिलांनी एका गिऱ्हाइकाचा हिशोब सांगितला आणि पोरगा मागून म्हणाला, "बाबा, चाळीस रुपये जास्त झाले." गिऱ्हाईक हसलं. वडिलांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. त्या दिवसापासून चार महिने पोरगा वडिलांशी एक शब्द बोलला नाही. दुकानात पाय ठेवला नाही. चालतानाही खाली बघून, खांदे आत ओढून.

वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, तुमचं ऐकते तो. गीता-बिता सांगून त्याले जरा सरळ करा ना."

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही, चहा ठेवला.

या पोराला रेल्वेचं वेड आहे. पुलगावात ते वेड कुणालाही लागेल, मुंबई-नागपूरची मोठी लाइन गावातून जाते. पण याचं वेड वेगळं, त्याला आर्वीची छोटी गाडी बनवायची आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, पुलगाव ते आर्वी ही नॅरो गेज लाइन १९१७ साली सुरू झाली. साधारण ३५ किलोमीटर, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला आणि ही आर्वीची, दोघी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे या एकाच कंपनीच्या, कापसासाठी टाकलेल्या. आता आर्वीची गाडी धावत नाही. पोराच्या आजोबांनी तिच्यातून पुष्कळ प्रवास केलाय, त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून त्याने कागदावर डबे काढलेत.

पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मामाने त्याला सहावीत असताना तिथे नेलं होतं. तिथल्या गाड्या एच-ओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. या पोराने घरी येऊन गणित केलं. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास. बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा छोटा ट्रॅक आर्वीच्या गाडीला जवळजवळ फिट बसतो. आणि आर्वीपर्यंतची पूर्ण लाइन या मापात टाकायची तर सुमारे चारशे मीटर लागेल. हे सगळं त्याने मला एका दमात सांगितलं. वडिलांशी न बोलणारं पोरगं!

मामाने त्याला मालडब्यांचं एक परदेशी प्लॅस्टिक किट पाठवलं होतं. ते माळ्यावर, टिनाच्या छपराखाली, वर रजयांचा गठ्ठा, असं अख्खा उन्हाळा पडून राहिलं. विदर्भाचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली तर त्याहून जास्त. डबा उघडला तर दोन्ही चासी केळ्यासारख्या वाकलेल्या, एका छपराला पीळ. तो तुकडे घेऊन माझ्याकडे आला. मी असली कामं थोडीफार करतो, देव्हाऱ्याच्या मखरापासून सुरुवात झाली होती.

तर आता थोडं प्लॅस्टिकबद्दल, कारण आजचा अर्थ मला तिथेच लागला.

किटचे हे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरतात आणि निवल्यावर काढतात. जिथे भिंत पातळ तिथे लवकर निवतं, जाड तिथे उशिरा, आणि उशिरा निवणारी बाजू जास्त आक्रसते. साच्यातून घाईने, गरम असतानाच काढलं तर ती ओढाताण आतच राहते. म्हणजे बाहेरून सरळ दिसणाऱ्या तुकड्यातही वाक कोंडलेला असू शकतो. मग वरून ऊन आणि वजन मिळालं की तो हळूहळू बाहेर पडतो. पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे पोटातूनच." त्याला अष्टावक्र आठवला होता, मला नाही. मी फक्त त्याच्याकडे बघत राहिलो.

सरळ करायला पहिली गोष्ट, जोर लावायचा नाही. थंड पॉलिस्टायरीन हाताने उलट वाकवलं तर एक तर परत पूर्वीसारखं होतं, नाहीतर पांढरी रेघ पडून तुटतं. ती पांढरी रेघ कधी जात नाही, रंगाखाली लपते इतकंच. दुसरी, आगीजवळ न्यायचं नाही. मेणबत्ती, गॅस, कुणी म्हणेल हेअर ड्रायर, सगळ्यात धोका हाच की एक जागा भाजते आणि बाकीचं थंडच राहतं. हे प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून उकळतं पाणीही नको, त्यात बारीक रिव्हेट, कड्या, सगळी नक्षी बसते आणि तुकडा भलतीकडेच वळतो. साठ-सत्तर अंशांचं पाणी पुरतं. हात घालवत नाही पण बुडबुडे नाहीत, असं. (थ्री-डी प्रिंटरने काढलेले पीएलएचे भाग असतील तर सांभाळा, ते साठाच्या आसपासच लोळागोळा होतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरलात तरी.)

पण पाण्याच्याही आधी एक काम आहे. तुकडा काचेवर ठेवायचा आणि खालून उजेड बघायचा. कुठून उजेड येतो? आमची एक चासी मधे वाकलीय असं दोघांनाही वाटत होतं. काचेवर ठेवल्यावर कळलं, मध्य ठीक आहे, एका टोकापासून दोन बोटांवर एकच वाक आहे आणि त्यामुळे पूर्ण चासी वाकडी दिसते. जिथे वाकच नाही तिथे दाब देऊन दुसरा वाक तयार करणारे आपण लोक.

भागवतात कुब्जेची कथा आहे, दशमस्कंधाचा बेचाळिसावा अध्याय. तिचं नावच तिथे त्रिवक्रा आहे, तीन ठिकाणी वाकलेली. मथुरेच्या रस्त्यात कृष्णाला ती भेटते. तो आधी काय करतो? विचारतो, तू कोण, हे चंदन कुणासाठी नेतेस. सुंदरी म्हणून हाक मारतो, वाकलेली असताना. ती सांगते की मी कंसाची दासी, माझी उटी त्याला फार आवडते. म्हणजे तिच्या हातात कसब आहे आणि ते तिला सांगायला मिळालं. ती उटी देते, तो लावून घेतो. एवढं झाल्यावर तिच्या पावलांवर पाऊल ठेवून, दोन बोटांनी हनुवटी धरून तो तिला वर उचलतो. दोन बोटं! बघा, खालचं टोक पक्कं धरलंय, वरचं हलकेच उचललंय, आणि त्याच्याआधी सगळी ऊब देऊन झालीय. कारागिराला हे वाचल्यावर हसू येतं, कारण चासी अशीच धरतात. एक टोक बोटाखाली, दुसरं उचलायचं, वाकाच्या उलट दिशेला केसभर जास्त, कारण प्लॅस्टिक थोडं मागे येतंच.

मग दोन काचांमध्ये सपाट ठेवायचं, वर वजन, आणि सोडून द्यायचं. रात्रभर. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. थंड पाण्यात बुडवून झटपट उरकणारेही आहेत, छोट्या तुकड्याला ते चालतंही. पण लांब चासीत पुन्हा एक बाजू आधी निवते, एक नंतर, आणि साच्यातली कहाणी परत सुरू. गीतेच्या सहाव्या अध्यायातला पंचविसावा श्लोक आपण गेल्या महिन्यात पाहिला. भगवान मनाला आवरायला सांगतात ते हळूहळू, आणि हा शब्द एकदा म्हणून थांबत नाहीत, लागोपाठ दोनदा म्हणतात. सोबत धृती सांगतात. धृती म्हणजे धरून ठेवणं. दाबून ठेवणं नाही. ऊब संपेपर्यंत आकार धरून ठेवणं.

काचा मिळाल्या, जुन्या फोटोफ्रेमच्या. वजन काय ठेवायचं? पुस्तकं पुरेना, पाटा खडबडीत. मी पोराला म्हटलं, तुमच्या दुकानात जुनी लोखंडी वजनं असतील. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले, ती वजनं पोत्यांमागे पडून असतात. तो काही बोलला नाही. मग मीच त्याच्या वडिलांना फोन केला, दोन किलोची दोन वजनं पाहिजेत.

ते स्वतः घेऊन आले. पोरगा गरम पाण्याच्या परातीपाशी बसलेला, चिमट्यात चासी. वडील दारात उभे. आदल्या आठवड्यातच मी त्यांना कहोडाची कथा सांगितली होती, चहा पिता पिता. शापाच्या जागी ते गप्प झाले होते, आणि शेवटी एवढंच विचारलं होतं, "मंग त्या बापानं नदीच काऊन दाखवली? तोंडानं नाही म्हणता आलं?" मला उत्तर आलं नव्हतं, अजूनही नाही. व्यासांनी कहोडाच्या तोंडी माफी घातलेली मला तरी आठवत नाही. नदी मात्र घातलीय.

तर ते दारात उभे. पोराने चासी पाण्यातून काढली, काचेवर ठेवली, टोक उचललं, दुसरी काच ठेवली. हे सगळं पटकन करावं लागतं आणि दोनच हात असतात. "वजन," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते स्पष्ट नव्हतं. वडील पुढे आले, वाकून एक वजन ठेवलं, मग दुसरं, अगदी मधोमध, दुकानात ठेवायचे तसे सवयीने. आणि वजनाकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी चाळीस रुपये जास्तच लागले होते. मी मागून परत केले त्याचे."

पोरगा काचेची कड बरोबर करत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सकाळपर्यंत हात लावू नका."

मित्रांनो, मी यात चमत्कार शोधत नाही. तुम्हीही शोधू नका. त्या रात्री ते दोघं एकत्र घरी गेले की नाही, मी पाहिलं नाही. सकाळी एक चासी चांगली सरळ निघाली, दुसरीला अजून थोडा वाक आहे. पोराने ती आजोबांना दाखवली तर आजोबा म्हणाले, "राहू दे लेका, आर्वीची गाडी कुठं सरळ चालत होती?" त्याने ती तशीच ठेवलीय, मागचा डबा म्हणून. मला ते फार आवडलं. प्रत्येक वाक काढलाच पाहिजे असं नाही, चाकं रुळावर चारही टेकली म्हणजे झालं.

एक कारागिरीची गोष्ट राहिली, ती सांगतो, कारण दोन-तीन जणांनी मला वेगळ्याच संदर्भात घरच्या अबोल्याबद्दल लिहिलं होतं आणि मला त्यांना हेच सांगायचं होतं. पॉलिस्टायरीन चिकटवायचं द्रावण प्लॅस्टिक विरघळवून जोडतं. चारही बाजूंनी बंद डबा असा चिकटवला, आतल्या हवेला वाट ठेवली नाही, तर द्रावणाची वाफ आत कोंडते. त्या दिवशी काही दिसत नाही. महिन्यांनी भिंती आतल्या आत मऊ होऊन खचतात, आणि मग लोक म्हणतात की चांगला बनवला होता, अचानक काय झालं. म्हणून जाणकार माणूस तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक भोक पाडून ठेवतो. ज्या घरात चार महिने कुणी बोलत नाही तिथे एकदम सगळं बोलून टाका असं मी म्हणणार नाही. भोक पुरे. "वजन," "मीठ दे," "गाडी किती वाजता." असलं काही.

आणि ज्यांना घरात कुणीतरी "सरळ करतो" म्हणून हात उगारतं, त्यांना मी समंगेची कथा सांगून गप्प बसा म्हणत नाहीये. अष्टावक्र गप्प बसला नव्हता. पोटात असतानाही नाही. मार रोजचा असेल तर घरातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला आजच सांगा. वय अठराच्या आत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, मोफत आहे.

आजच्या साधनेला एवढंच करू. वनपर्वातला हा भाग पुन्हा वाचा, आणि वाचताना सुजातेकडे लक्ष ठेवा. शाप दिला तेव्हा ती तिथे होती, कारण बाळ तिच्याच पोटात होतं. समंगेत उतर असं कहोड म्हणाला तेव्हाही ती शेजारी होती, व्यासांनी ते मुद्दाम सांगितलंय. मधल्या बारा वर्षांत तिने पोरापासून काय काय लपवलं आणि का, यावर उद्या लिहितो.

रामकृष्ण हरी.